निम्नोन्नत : ‘खोली’ या निकषाविषयी

मराठी समीक्षेत ‘सपाट’ हा शब्द बहुधा दोषवाचक म्हणूनच येतो. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये सपाट आणि गोलाकार पात्रांचा भेद मांडताना सपाट पात्रांचे सामर्थ्यही मान्य केले होते. आपल्याकडे मात्र त्या भेदाची प्रतवारी झाली. हे रूपक दृश्यकलेशी निगडित असल्याने त्याची तपासणी तेथेच करणे उचित ठरेल.

सपाट पृष्ठभागावर खोलीचा आभास निर्माण करण्याची एक रीत म्हणजे रेखीय यथादर्शन. आल्बेर्ती यांनी १४३५ मध्ये तिचे शास्त्र मांडले. दूर जाणाऱ्या समांतर रेषा येथे एका बिंदूत मिळतात आणि पाहणारा एका जागी खिळून राहतो. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील ‘चित्रसूत्रा’चा मार्ग निराळा आहे. निम्न व उन्नत भाग दाखवू शकणाऱ्यालाच ते चित्रविद् मानते. त्यासाठी छायाभेदाच्या तीन वर्तना सांगते आणि देहाच्या ठेवणीनुसार अवयवांची क्षयवृद्धी सुचवते. येथे खोली अवकाशाची नसून प्रामुख्याने देहाची आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीला छटांनी उठाव येतो. भोवतीच्या आकृती मात्र कोणत्याही एका बिंदूकडे धावत नाहीत. यास यथादर्शनाचे अज्ञान म्हणणे म्हणजे एका रीतीचा निकष दुसरीवर लादणे होय.

बेंगळूरू येथे ज्यांच्या नावाचे कलादालन आहे, त्या के. वेंकटप्पा (१८८६–१९६५) यांची प्लास्टरमधील उत्थित शिल्पे या संदर्भात उद्बोधक ठरतात. उत्थित शिल्पात थोडी खोली प्रत्यक्ष असते, उरलेली सुचवावी लागते. चित्रातील छाया कायमची रंगवलेली असते. येथे प्रकाशाची दिशा बदलली की छाया सरकते आणि उठावही बदलतो. खोली ही केवळ वस्तूच्या ठायी नसते. ती वस्तू, प्रकाश आणि द्रष्टा यांच्या संबंधातून सिद्ध होते, असा याचा अर्थ.

हा निष्कर्ष साहित्यविचारालाही लागू पडतो. तमाशाच्या गवळणीतील मावशी किंवा पेंद्या ही पात्रे छापील संहितेत सपाट वाटतात. ढोलकीची साथ, हजरजबाबी संवाद आणि समोरचा प्रेक्षक लाभताच त्यांना उठाव येतो. त्यांना कादंबरीच्या मापाने उथळ ठरवणारी समीक्षा पात्राची नव्हे, आपल्याच स्थिर डोळ्याची मर्यादा नोंदवत असते. म्हणून ‘या कृतीत खोली आहे काय?’ या प्रश्नाआधी ‘ती कोठून व कोणत्या प्रकाशात पाहावयाची आहे?’ हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.