ब्रॅम्बलचे घरगुती रूपांतर

रूपांतर पेयांचेही होते, आणि तेही फसते. डिक ब्रॅडसेल याने १९८० च्या दशकात लंडनमध्ये 'ब्रॅम्बल' हे कॉकटेल सिद्ध केले. ५० मिलि जिन, २५ मिलि लिंबाचा रस, थोडा साखरेचा पाक, भरपूर कुटलेला बर्फ आणि वरून ओघळणारे ब्लॅकबेरीचे गोड मद्य. आइल ऑफ वाइटवर लहानपणी खुडलेल्या रानफळांची आठवण त्यामागे होती.

आपल्याकडे ब्लॅकबेरी कुठली? मी गोव्यात तयार झालेली जिन घेतली आणि वर अमृतकोकम ओतले. रंग देखणा, चव मात्र सरबताची! पाहुण्यांनी पेले अर्धेच ठेवले. अमृतकोकम मुळातच गोड. त्यात मूळ कृतीतला पाकही मी इमानाने घातला होता. जिनमधल्या ज्युनिपरचा राळेसारखा कडसर गंध पार बुडाला. दोष कोकमाचा नव्हे, माझ्या शब्दशः अनुवादाचा.

दुसऱ्या खेपेस पाक वगळला, लिंबू तेवढेच ठेवले, अमृतकोकम दोनच चमचे, तेही शेवटी. आधी आंबट, मग ज्युनिपर, मागाहून कोकम असे तिन्ही वेगवेगळे कळले.

दोन भाषांत नांदणाऱ्या आपल्या घरांना हे नवे नाही. फळ बदलले तरी चालते. मुळातला तोल सुटला, की उरते ते नुसते सरबत.