एक लाख वर्षे आणि नऊ तास

मायकेल मॅडसन या डॅनिश दिग्दर्शकाचा 'इंटू इटर्निटी' (२०१०) हा मी पाहिलेला अणुकचऱ्यावरचा सर्वांत देखणा माहितीपट. लांबी अवघी ७५ मिनिटे. विषय एका बोगद्याचा. फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ओल्किलुओटो नावाचे बेट आहे. देशातल्या अणुभट्ट्यांतले वापरून झालेले इंधन कायमचे पुरता यावे म्हणून तिथल्या खडकात २००४ साली खोदकाम सुरू झाले. जागेचे नाव ओंकालो, म्हणजे पोकळी, लपायची जागा. जमिनीखाली ४०० मीटरहून खोल, तांब्याच्या जाड डब्यांत, डब्यांभोवती बेंटोनाइट माती. भरून झाले की बोगदा बुजवायचा आणि पुढची एक लाख वर्षे तो कोणी उघडायचा नाही.

मॅडसन हा आकडा नुसता सांगून थांबत नाही, त्याचे ओझे जाणवून देतो. कॅमेरा लांबलचक निर्जन वाटांमधून संथपणे सरकतो. अंधारात दिग्दर्शक स्वतः काडी ओढतो आणि ती विझेपर्यंत हजारो वर्षांनंतरच्या कोण्या अनोळखी माणसाशी बोलतो. मग तज्ज्ञ येतात आणि त्यांच्यात एक विलक्षण वाद झडतो. इथे धोका आहे हे त्या माणसाला कसे सांगायचे? आपली एकही भाषा तेव्हा उरलेली नसेल. दगडावर भीतिदायक चित्रे कोरायची, की काहीच न कोरता जागा विसरली जाऊ द्यायची? खूण दिसली की माणूस उकरणारच, असे काहींचे म्हणणे. मी सॉफ्टवेअर लिहितो. सहा महिन्यांनी येणाऱ्या सहकाऱ्याला कळेल असे डॉक्युमेंटेशन लिहितानाही आमची दमछाक होते. त्यामुळे हा भाग मी दोनदा पाहिला.

दुसऱ्यांदा पाहताना लक्ष गेले ते डॉक्टरकडे. तज्ज्ञांच्या या मेळाव्यात वेंडला पायले आहेत, फिनलंडच्या किरणोत्सर्ग-सुरक्षा प्राधिकरणाच्या तेव्हाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी. किरणोत्सर्ग शरीरात शिरला की काय होते, हे त्या शांतपणे समजावतात. त्यांच्या बोलण्यात खोट काढावी असे काही नाही. पण पटकथेत त्यांना दिलेली जागा पाहा. धोका भविष्यातला, बोगदा तेव्हा रिकामा, त्यामुळे ज्या शरीराबद्दल त्या बोलतात ते शरीर काल्पनिक आहे. ७५ मिनिटांत एकही रुग्ण नाही. डॉक्टरचे काम इथे व्याख्यात्याचे होऊन बसते. मॅडसनचा 'तू' हजारो वर्षांपलीकडे आहे, आणि तो तिथे असल्यामुळेच चित्रपटाला आजच्या कोणाच्या दारावर थाप मारावी लागत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला एक भारतीय माहितीपट आहे. श्रीप्रकाश यांचा 'बुद्धा वीप्स इन जादुगोडा' (१९९९). नावातला बुद्ध पोखरणचा. १९७४ च्या चाचणीला 'स्मायलिंग बुद्ध' म्हणतात, तो हसरा बुद्ध इथे रडतो. जादुगोडा पूर्व सिंहभूम जिल्ह्यात, तेव्हाच्या बिहारात, आताच्या झारखंडात. युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी १९६७ साली स्थापन झाली आणि देशातली पहिली युरेनियमची खाण इथे चालू झाली. भोवतालची गावे संथाळ, हो, मुंडा आदिवासींची.

अणुकचरा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पिवळी पिंपे येतात. जादुगोड्याचा कचरा तसा नाही. इथले खनिज हलक्या प्रतीचे, टनभर दगडातून किलोभरसुद्धा युरेनियम निघत नाही. दगड दळायचा, रसायनांनी युरेनियम वेगळे करायचे, त्याची पिवळी भुकटी हैदराबादला पाठवायची आणि उरलेला सगळा गाळ पाइपातून बांध घातलेल्या तलावांत सोडायचा. या गाळाला टेलिंग्ज म्हणतात. युरेनियम काढून घेतले तरी खनिजातल्या मूळ किरणोत्सर्गापैकी सुमारे ८५ टक्के गाळातच राहतो, कारण युरेनियमची पिल्लावळ तिथेच असते. थोरियम-२३० चे अर्धायुष्य सुमारे ७५,००० वर्षे. त्यातून रेडियम होते, त्याचे अर्धायुष्य १,६०० वर्षे. रेडियममधून रेडॉन निघतो. तो वायू असल्याने बांधाने अडत नाही आणि श्वासावाटे फुप्फुसात जातो.

म्हणजे काळाचा पल्ला ओंकालोच्याच तोडीचा. फरक एवढाच, की तिकडे ४०० मीटर खडक आहे आणि इकडे उघडे आभाळ. हा गाळ आपल्यापासून फार दूर आहे असेही समजू नये. देशी युरेनियमवर चालणाऱ्या अणुभट्ट्यांत आपल्या तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीची गणना होते.

श्रीप्रकाश यांच्या चित्रपटात मॅडसनसारखी सफाई शोधू नये. त्यांच्याकडे व्हिडिओ कॅमेरा आहे, तोडके साधन आहे आणि गावकऱ्यांचा विश्वास आहे. कॅमेरा तलावाकाठच्या घरांत जातो. व्यंग घेऊन जन्मलेली मुले, आजारी कामगार, मूल होत नाही म्हणून बोलणी खाणाऱ्या बायका अशी माणसे समोर येतात. मॅडसनकडे जे नाही ते सगळे इथे आहे. रुग्णच रुग्ण आहेत.

आणि तरीही डॉक्टरचे समाधान या चित्रपटानेही होणार नाही. एखाद्या मुलाचा चेहरा कॅमेऱ्यासमोर आला की प्रेक्षक म्हणून मी हललो, पण त्या चेहऱ्यावर कारण लिहिलेले नसते. जन्मजात व्यंगे सगळीकडे आढळतात, पुण्यातही आढळतात. डॉक्टर विचारणार, किती मुलांमागे किती? इतर गावांत किती? पूर्वी किती? अंश दिसतो आहे, छेद कुठे आहे? श्रीप्रकाश यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. छेद मोजणे हे माहितीपटकाराचे काम नव्हेच. पण छेद नसला की पुढे काय होते, ते जादुगोड्याने दाखवले. कंपनीने ठामपणे सांगितले की या आजारांचा किरणोत्सर्गाशी संबंध नाही, कारणे कुपोषण, मलेरिया, दारू अशी आहेत. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने अणुऊर्जा आयोगाच्या प्रतिज्ञापत्रावर विसंबून जनहित याचिका फेटाळली. एका बाजूला चेहरे, दुसऱ्या बाजूला प्रतिज्ञापत्र. मध्ये नोंदवही हवी होती.

ती पोकळी भरण्याचा प्रयत्न डॉक्टरांनीच केला. 'इंडियन डॉक्टर्स फॉर पीस अँड डेव्हलपमेंट' ही संघटना म्हणजे १९८५ चे शांततेचे नोबेल मिळालेल्या आंतरराष्ट्रीय डॉक्टर-संघटनेची भारतीय शाखा. २००७ मध्ये तिने घरोघरी जाऊन पाहणी केली. खाणीपासून अडीच किलोमीटरच्या आतली २,११८ घरे आणि तुलनेसाठी सुमारे तीस किलोमीटर दूरच्या गावांतली १,९५६ घरे. जवळच्या गावांत ४.४९ टक्के आयांनी जन्मजात व्यंगाचे मूल झाल्याचे सांगितले, दूरच्या गावांत २.४९ टक्के. लग्नानंतर तीन वर्षांतही मूल न झालेली जोडपी जवळ ९.६० टक्के, दूर ६.२७ टक्के.

या पाहणीवर घेता येण्याजोगे आक्षेप खुद्द डॉक्टरांनाही ठाऊक असणार. माहिती लोकांच्या सांगण्यावरून गोळा केलेली. कोणाच्या शरीरात किती मात्रा गेली याचे मोजमाप नाही. खाण आपल्याला आजारी पाडते असा समज आधीच पसरलेला असला तर उत्तरांवर त्याची छाया पडू शकते. हे सगळे मान्य. पण हेच आक्षेप उलट दिशेनेही वाचता येतात. खाण सुरू होऊन चाळीस वर्षे झाल्यावर एका स्वयंसेवी संघटनेला दारोदार फिरून आयांच्या आठवणी गोळा कराव्या लागतात, ही उणीव पाहणीची म्हणायची की चाळीस वर्षांची? डॉक्टरांच्या काळजीचा गाभा मला इथे दिसतो. किरणोत्सर्गाने अमुक इतकी माणसे दगावली असे छातीठोक सांगायला ते येत नाहीत. ते सांगता यावे अशी व्यवस्था का उभी केली नाही, एवढेच ते विचारतात.

आमच्या धंद्यात याला मॉनिटरिंग म्हणतात. सर्व्हरवर लॉगच लिहिले जात नसतील तर डॅशबोर्ड हिरवागार दिसतो. अलर्ट आला नाही याचे दोन अर्थ होऊ शकतात. सगळे सुरळीत आहे, किंवा अलर्ट पाठवणारे काही अस्तित्वातच नाही. रात्री ऑन-कॉल बसलेल्या कोणालाही हा फरक कळतो.

२४ डिसेंबर २००६ रोजी जादुगोड्याजवळच्या डुंगरीडीह गावात गाळ वाहून नेणारा पाइप फुटला. विषारी गाळ नाल्यात वाहू लागला. फुटल्याचे कंपनीच्या कोणत्या यंत्रणेने टिपले नाही, गावकऱ्यांनी कळवले. प्रवाह बंद व्हायला नऊ तास लागले. ओंकालोचे तज्ज्ञ एक लाख वर्षांपलीकडे निरोप कसा पोचवायचा याची चिंता करतात. इथे फुटलेल्या पाइपाचा निरोप वेळेत पोचत नव्हता.

कारण सिद्ध व्हायला आधी भौतिकशास्त्र लागते, मात्रा मोजायला लागते, असे कोणी म्हणेल. वैद्यकाचा इतिहास वेगळे सांगतो. जर्मनीत सॅक्सनी प्रांतातल्या श्नीबर्गच्या खाणींतले कामगार पिढ्यान्‌पिढ्या छातीच्या एका रोगाने मरत. हार्टिंग आणि हेसे या दोघांनी मृत्यूंची नीट मोजदाद केली आणि १८७९ साली मांडले की हा फुप्फुसाचा कर्करोग आहे, आणि खाणकामगारांचे सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू त्याने होतात. बेक्रेलला किरणोत्सर्ग सापडला १८९६ मध्ये. डॉक्टरांची मोजणी भौतिकशास्त्राच्या सतरा वर्षे पुढे होती. कारण माहीत नसतानाही मोजता येते, आणि मोजलेले असले की कारण सापडते तेव्हा ते जोडायला जागा तयार असते. त्याच भागात युद्धानंतर विस्मुट या कंपनीच्या युरेनियमच्या खाणी चालल्या. जर्मनीच्या एकीकरणानंतर तिच्या सुमारे ५९,००० कामगारांच्या नोंदी जुळवून त्यांचा दीर्घ पाठपुरावा सुरू झाला. खाणीतला रेडॉन आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्या नात्याबद्दल जगाला जे ठाऊक आहे, त्यातला मोठा भाग तिथून आला.

हे आपल्याकडे जमणारे नाही, असे म्हणायची सोय नाही. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ ची. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते, तिचे कार्यकर्ते गावोगाव जातात, संशयित रुग्णांना तपासणीपर्यंत आणतात. त्यासाठी तांब्याचे डबे लागत नाहीत. लागतात ती माणसे, चिकाटी आणि दर वर्षीचा पगार.

हे कळल्यावर 'इंटू इटर्निटी'तली उणीव अधिक स्पष्ट होते. फिनलंडमध्ये १९५३ पासून साऱ्या देशाची कर्करोग नोंदणी आहे. मॅडसन स्मृतीबद्दल इतके बोलतो, शिलालेख आणि चिन्हे यांच्यावर इतका रेंगाळतो, पण तो देश आपल्या माणसांची स्मृती प्रत्यक्षात ज्या कंटाळवाण्या कागदांत जपतो ते त्याच्या कॅमेऱ्यात येत नाहीत. रकाने भरणारा कारकून काडी ओढणाऱ्या दिग्दर्शकाइतका चित्रमय नसतो, हे खरे. पण वेंडला पायले उद्या एखाद्या गावाबद्दल ठामपणे बोलल्या, तर त्या बोलतील त्या रकान्यांच्या जोरावर.

दोन्ही चित्रपट जरूर पाहावेत, शक्यतो लागोपाठ, आधी जादुगोडा आणि मग ओंकालो. उलट क्रमाने पाहिले तर एक लाख वर्षांच्या भव्यतेपुढे तलावाकाठची घरे लहान दिसू लागतात. आणि दोन्ही पाहून झाल्यावर एक कोरा कागद घेऊन वहीचे रकाने आखावेत. नाव, वय, गाव, तलावापासूनचे अंतर, किती वर्षे वास्तव्य, काम कोणते, आजार कोणता, निदान कोणी केले, तारीख. ओंकालोच्या तोंडाशी कोणती खूण कोरावी, यावर तज्ज्ञांचे एकमत होत नाही. या नऊ रकान्यांवर मात्र कंपनीच्या डॉक्टरांनी आणि संघटनेच्या डॉक्टरांनी भांडावे असे काही नाही.