जामखेडचे उदाहरण आणि लोकसहभागाची कसोटी

विकासाच्या नीतिविचाराचे अध्यापन सुरू झाले की पहिल्या काही तासांतच ‘लोकसहभाग’ हा शब्द येतो, आणि विद्यार्थी त्यावर विसावतो. त्याच्या समर्थनार्थ अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडचे उदाहरण देण्याची प्रथा आहे. ते या शब्दास समजले जाते तितके अनुकूल नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली येथे आरोग्यप्रकल्प सुरू केला. आरंभी खेड्यांत परिचारिका पाठविल्या. परक्या गावी एकटीने राहणे त्यांना जमेना. तेव्हा गावातल्याच स्त्रिया निवडून त्यांना शिकविण्यात आले. त्यांतील अनेक निरक्षर, कित्येक दलित. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रयोगाचा वृत्तान्त आला, आणि १९७८ च्या आल्मा-आटा घोषणेने आरोग्ययोजनेतील सहभाग हा लोकांचा हक्क व कर्तव्यही मानले. वर्गात हा क्रम इतका सुबक दिसतो की शंकेस जागाच उरत नाही.

परंतु सत्तरीच्या आरंभीच्या दुष्काळातील कूपनलिकांचा प्रसंग पाहावा. आरोळे दांपत्याच्या कथनानुसार, त्या दलित वस्तीत घेण्याकडे त्यांनी हेतुतः लक्ष दिले. पाणी हवे तर सवर्णांनी तेथे यावे. (क्षेत्रभेटीच्या अहवालांत बालमृत्यूचे आकडे सविस्तर येतात, या हातपंपांचा उल्लेख क्वचितच.) गावाचे मत घेतले असते तर हातपंप कोठे बसला असता, हे महाराष्ट्रातील खेडे पाहिलेल्यास सांगावयास नको. म्हणजे आरोग्यसेविकेच्या बाबतीत गावावर विसंबले, पाण्याच्या बाबतीत नाही. आणि दोन्ही निर्णय आपणांस न्याय्य वाटतात. असे का, याचे उत्तर लोकसहभागाच्या तत्त्वातून निघत नाही. ‘गाव’ म्हणून जो बोलतो तो कोण, हे आधी विचारावे लागते.

येथेच अडचणीचा भाग येतो. गावाच्या हिताचा निर्णय गावास न विचारता घेण्याचा अधिकार बाहेरून आलेल्या डॉक्टरास कोणी दिला? परकीय राज्यकर्तेही हिताचीच भाषा बोलत असत. माझ्या मते भेद इतकाच, पण महत्त्वाचा आहे: परकीय सत्तेच्या निर्णयाने बोलण्याचा अधिकार तिच्याकडेच राहिला, जामखेडच्या निर्णयाने, ज्यांना सार्वजनिक पाणवठ्यावर येऊ दिले जात नव्हते, त्यांच्या दारी गावास यावे लागले. हा युक्तिवाद सर्वांना पटेलच असे नाही. जो विद्यार्थी तो खोडून काढील, त्याचे उत्तर मी ‘लोकसहभाग’ हा शब्द दहा वेळा लिहिणाऱ्याच्या उत्तराहून वरचे मानीन.