‘बंदूक’ : मुक्तिसंग्रामविषयक वाङ्मयातील एका सामान्यनामाची चिकित्सा

हैदराबाद मुक्तिसंग्रामासंबंधीचे मराठी वाङ्मय विपुल आहे. इतिहासग्रंथ, कार्यकर्त्यांची आत्मनिवेदने, गौरवग्रंथांतील आठवणी, असे त्याचे अनेक प्रकार होत. या वाङ्मयाचा अभ्यासक लवकरच एका अडचणीपाशी येतो. ‘रझाकार बंदुका घेऊन गावात शिरले’ या धाटणीचे वाक्य त्यात पुनःपुन्हा भेटते. परंतु ती बंदूक कोणती, हे क्वचितच कळते. प्रस्तुत टिपणाचा विषय एवढाच आहे. हा प्रश्न केवळ कोशकाराचा नसून अर्थनिर्णयाचा आहे, असे येथे प्रतिपादावयाचे आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. अरबीत ‘बुंदुक’ हे कठीण कवचाच्या एका लहान फळाचे नाव. त्याच्या आकारावरून ते गोळीचे झाले आणि गोळीवरून ती फेकणाऱ्या हत्याराचे. म्हणजे हा शब्द मुळापासूनच सैल आहे. मराठीने मात्र विशेषणांच्या साहाय्याने तो आवळून घेतला. पेटत्या वातीने बार उडे ती तोड्याची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू भरावी लागे ती ठासणीची, तिलाच गडचिरोलीकडे भरमार म्हणतात. पोर्तुगीज भाषेतून आलेले काडतूस जीत घालतात ती काडतुशी, शिकाऱ्यांची ‘बारा बोअर’ याच जातीची. ‘रायफल’ हा शब्द इंग्रजीतून आला आणि तो नळीच्या आतील सर्पिल खाचांचा वाचक आहे. भाषेपाशी भेद दाखविण्याची सामग्री नव्हती असे नव्हे. ती असूनही वापरली गेली नाही, ही खरी लक्षणीय गोष्ट.

हा भेद किती मोठा, हे साध्या हिशोबाने समजते. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बारासाठी दारू ओतावी लागते, वर छर्रे किंवा गोळी घालून गजाने ठासावे लागते, स्फोटक टोपी बसवावी लागते. सरावलेल्या हातालाही एका बारास अर्धे मिनिट सहज लागते. छऱ्यांचा भरवसा पन्नास-साठ पावलांच्या आतच. याउलट ‘थ्री नॉट थ्री’ या लष्करी रायफलीच्या पेटीत दहा काडतुसे राहत आणि प्रशिक्षित शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार काढी. पहिले घराचे वा शिकारीचे साधन, दुसरे युद्धाचे.

१९४७-४८ साली संस्थानात घरगुती हत्यारे रणात का उतरली, याचे कारण उघड आहे. हैदराबादला समुद्रकिनारा नव्हता. चहूबाजूंनी भारतीय प्रदेश होता. २९ नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे करारानंतरही शस्त्रपुरवठ्याचा तंटा मिटला नाही. सिडने कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने १९४८ साली कराचीहून चोरट्या विमानफेऱ्यांनी शस्त्रे आणली. परंतु लाखोंच्या दलाला ती पुरणारी नव्हती. लष्करी इतिहासात दिला जाणारा अंदाज असा की, कासीम रझवी यांच्या सुमारे दोन लाख रझाकारांपैकी चतुर्थांशांजवळच आधुनिक शस्त्रे होती. उरलेल्यांजवळ मुख्यतः ठासणीच्या बंदुका व तलवारी. सीमेवरील शिबिरांतून करोडगिरी नाक्यांवर छापे घालणारे स्टेट काँग्रेसचे कार्यकर्तेही शस्त्रसंपन्न नव्हते. जानेवारी १९४८ मधील उमरी बँकेवरील छाप्यामागे लढ्यासाठी पैसा उभारण्याचा हेतू होता, हे सर्वश्रुत आहे.

हा भेद पुसला गेल्याने आपल्या आठवणींच्या वाङ्मयात एक कथनदोष शिरला आहे. सप्टेंबरच्या आरंभापर्यंत त्यातील रझाकार अजिंक्य असतो. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य शिरते, दुसऱ्याच दिवशी औरंगाबाद शरण येते, १७ तारखेला सारे संपते. अजिंक्य माणूस पाच दिवसांत नाहीसा कसा झाला, याचे उत्तर मग भ्याडपणा अथवा दैवी न्याय यांत शोधले जाते. खरे उत्तर बंदुकीच्या नावात आहे. निःशस्त्र गावावर जी ठासणीची बंदूक काळासारखी चालून येते, तीच रणगाड्यापुढे काठीएवढीच ठरते. या उत्तराने अत्याचाराचे गांभीर्य अणुमात्र कमी होत नाही. उलट, दुबळ्या हत्याराने एवढी दहशत बसावी यावरून समोरचे लोक किती निराधार होते, हे अधिक स्पष्ट होते.

यावर आक्षेप येईल की, दाराआड श्वास रोखून बसलेल्या माणसाने नळीची जात पाहावी, ही अपेक्षाच निर्दय आहे. आक्षेप रास्त आहे. साक्षीदाराचा ‘बंदूक’ हा शब्द त्याच्या भयाचे प्रामाणिक नाव होय. तो बदलण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु साक्षीदाराला जी मोकळीक आहे, ती इतिहासकाराला आणि समीक्षकाला नाही. आठवणीतील शब्द ग्रंथात जसाच्या तसा उतरला, की भय हेच मोजमाप होऊन बसते.

अन्य भाषांचा दाखला येथे उद्बोधक ठरेल. स्पेनच्या १९३६ च्या यादवीत शिकारीची बंदूक घेऊन उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांना त्या बंदुकीवरूनच ‘एस्कोपेतेरो’ म्हणत. हत्याराची जात योद्ध्याच्या नावातच नोंदली गेली. आपल्याकडे ‘रझाकार’ या शब्दाचा मूळ अर्थ केवळ ‘स्वयंसेवक’; त्यातून मनुष्याची इच्छा कळते, साधन कळत नाही. मात्र आपल्याच ‘यादवी’ या शब्दात ही जाणीव आहे. मौसलपर्वातील यादव शेवटी एकमेकांवर तुटून पडले ते हाती आलेली एरका, म्हणजे लव्हाळे, उपटून. स्वकीयांच्या युद्धात घराभोवतीची वस्तूच हत्यार होते, हे त्या कथाकाराने अचूक हेरले होते.

शेवटी, नाव देण्याचा हा प्रश्न विद्वानांपुरता नव्हता. पोलीस कारवाईनंतर नेहरूंनी पाठविलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा केला; सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. मुसलमान ग्रामस्थांची हत्यारे काढून घेतली गेली, हिंदूंची पुष्कळदा त्यांच्याजवळच राहिली, असे या समितीला आढळले. याचा अर्थ, एका घरातील बंदूक ‘शस्त्र’ ठरली आणि दुसऱ्या घरातील तशीच बंदूक ‘घरची चीज’ राहिली. या दोन नावांमधील अंतर पुष्कळांना प्राण देऊन मोजावे लागले.

म्हणून मौखिक साधने जमविणाऱ्या विद्यार्थ्यांना एकच सुचवावेसे वाटते. त्या पिढीकडून ऐकलेले सांगणारी माणसे अजून गावोगाव आहेत. ‘बंदूक होती’ या उत्तरावर थांबू नये. ती कशी भरीत, कोणाच्या घरची होती, पूर्वी कशासाठी वापरीत आणि लोक तिला काय म्हणत, हे विचारावे. आणि मिळेल तो शब्द बोलीतील उच्चारासह टिपून घ्यावा.