चौकटीबाहेरची माणसे : अणुयुगाच्या प्रारंभीचा अमेरिकी चित्रपट

१९४५ ते १९६४ या दोन दशकांत अमेरिकी चित्रपटाने अणुबॉम्ब हा विषय अनेकदा हाताळला, पण त्याला बगल दिली तीही तितक्याच वेळा, आणि बगल देण्याच्या या तऱ्हांमध्येच त्या समाजाचे मन अधिक स्वच्छ उमटले आहे. ज्या देशाने बॉम्ब बनवला आणि दोन शहरांवर टाकला, त्याच्या पडद्यावर बॉम्बचे भय वागवणारी माणसे जवळजवळ सगळी अमेरिकीच असतात. प्रत्यक्ष होरपळलेली माणसे चौकटीत येत नाहीत. छापील शब्दाने त्यांना समोर आणण्याचे काम साधारण वर्षभरातच केले होते. ३१ ऑगस्ट १९४६ रोजी 'द न्यूयॉर्कर' या साप्ताहिकाने आपला संपूर्ण अंक जॉन हर्सी यांच्या हिरोशिमातील सहा जणांवरच्या वृत्तांताला दिला आणि तो हातोहात खपला. चित्रपटाला मात्र ते जमले नाही, किंवा जमू दिले गेले नाही.

एमजीएम या चित्रसंस्थेचा 'द बिगिनिंग ऑर द एंड' (१९४७) हा बॉम्बच्या निर्मितीवरचा पहिला मोठा कथापट. याच चित्रपटाची प्रत पंचविसाव्या शतकातील माणसांसाठी जमिनीत पुरली जात असल्याच्या बनावट वृत्तपटाने त्याची सुरुवात होते. भावी पिढ्यांपुढे साक्ष ठेवल्याचा हा आव आणि पुढे जे दाखवले जाते ते, यांचा काही मेळ बसत नाही. हिरोशिमावर आधी इशाऱ्याची पत्रके टाकली होती असे तो सांगतो आणि बॉम्ब नेणाऱ्या विमानाभोवती विमानवेधी तोफांचे गोळे फुटताना दाखवतो. या दोन्ही गोष्टी घडल्या नव्हत्या. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन बॉम्ब वापरण्याचा निर्णय घेतात तो प्रसंग व्हाइट हाउसच्या आक्षेपानंतर नट बदलून नव्याने चित्रित करावा लागला. एवढे सोपस्कार करूनही चित्रपट प्रेक्षकांनी फारसा उचलून धरला नाही, यात प्रेक्षकांची काही चूक दिसत नाही.

त्याच वर्षी प्रतिनिधीगृहाच्या चौकशी समितीने हॉलिवूडमधील कम्युनिस्टांचा माग काढायला सुरुवात केली आणि संशयितांना काम न देण्याची अलिखित बंदी, म्हणजे 'ब्लॅकलिस्ट', चित्रसृष्टीत रुळली. शिवाय विमाने, तळ, सैनिक हवे असतील तर पटकथा संरक्षण खात्याच्या नजरेखालून जाणे आले. अशा हवेत उजळ माथ्याने वावरले ते नागरी संरक्षणाचे, म्हणजे हल्ल्याच्या वेळी सामान्य माणसाने काय करावे हे शिकवणारे, सरकारी माहितीपट. त्यांतील 'डक अँड कव्हर' या शालेय मुलांसाठीच्या लघुपटात बर्ट नावाचे कासव धोका दिसताच पाठीच्या ढालीत शिरते, मुले बाकांखाली दडतात आणि सहलीला आलेले कुटुंब जेवणाखाली अंथरलेला कपडा अंगावर ओढून घेते. १९५३ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात स्फोटबिंदूपासून सुमारे ३,५०० फुटांवर बांधलेले लाकडी घर अडीच सेकंदांच्या आतच कसे कोसळते, याचे चित्रण याच काळात लोकांना दाखवले गेले. हे घर आणि तो कपडा शेजारी ठेवून पाहणाऱ्याच्या मनात जे आले असेल, त्याची नोंद गंभीर चित्रपटाने नव्हे, तर कमी प्रतिष्ठेच्या चित्रप्रकारांनी घेतली.

गॉर्डन डग्लस यांचा 'देम!' (१९५४) हा या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगा आहे. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात एक लहान मुलगी फुटक्या डोक्याची बाहुली उराशी धरून, शून्यात पाहत चालताना पोलिसांना सापडते. ती बोलत नाही, पापणीही हलवत नाही. नाकाशी फॉर्मिक आम्ल, म्हणजे मुंग्यांच्या दंशात असणारे द्रव्य, धरताच मात्र ती किंचाळून उठते. १९४५ च्या पहिल्या अणुचाचणीच्या किरणोत्सर्गातून अजस्र मुंग्या निपजल्या आहेत हे पुढे कळते, पण त्या दिसण्याआधी त्यांचा किर्र आवाज वाऱ्यावर येत राहतो, आणि न दिसणाऱ्या, हवेतून येणाऱ्या संकटाला याहून समर्पक ध्वनिरूप त्या दशकात क्वचितच मिळाले असेल. हे भय चित्रपटाने अचूक पकडले. दोष कोणाचा, हा प्रश्न मात्र त्याने अलगद सोडून दिला. ज्या सैन्याच्या चाचणीने मुंग्या वाढवल्या तेच सैन्य लॉस एंजेलिसच्या भुयारी गटारांत ज्वालाफेके घेऊन उतरते आणि तारणहार ठरते. न्यू मेक्सिकोत त्या चाचणीच्या आसपास खरोखर राहणारी, कोणतीही पूर्वसूचना न मिळालेली माणसे या कथेत कुठेच नाहीत. जपानी 'गोजिरा'चे (१९५४) झाले ते याहून वाईट: १९५६ च्या अमेरिकी आवृत्तीत रेमंड बर यांचा अमेरिकी वार्ताहर मध्ये घुसवला गेला आणि मूळ चित्रपटातील अणुचाचण्यांविषयीचे बोलणे पुष्कळसे कापले गेले.

रॉबर्ट ऑल्ड्रिच यांनी 'किस मी डेडली'मध्ये (१९५५) हे भय गुन्हेपटात आणले. मिकी स्पिलेन यांच्या कादंबरीत ज्या ऐवजासाठी खून पडतात तो अमली पदार्थांचा असतो, पटकथाकार ए. आय. बेझराइड्स यांनी त्या जागी एक पेटी ठेवली, जिचे झाकण किलकिले करताच नायकाच्या मनगटावर भाजल्याचा डाग उमटतो. आत काय आहे हे सांगितले जात नाही, आणि नायकही ते जाणून घेण्याआधी तिची किंमत किती येईल याचाच विचार करतो. युद्धोत्तर अमेरिकेच्या हावरेपणाची अशी निर्भीड चिकित्सा तथाकथित गंभीर चित्रपटांत शोधूनही सापडत नाही.

स्टॅन्ली क्रेमर यांचा 'ऑन द बीच' (१९५९) विषयाला थेट भिडतो, पण त्याचे जग कमालीचे नीटनेटके आहे. मानवजात संपते तरी रस्त्यावर प्रेत दिसत नाही. लक्षात राहतो तो एकच प्रसंग: निर्मनुष्य सॅन डिएगोतून येणाऱ्या संदेशांचा माग काढत पाणबुडीतील माणूस पोहोचतो, तेव्हा खिडकीच्या पडद्याच्या दोरीत अडकलेली कोका-कोलाची बाटली वाऱ्याने हलून तारयंत्राची कळ दाबत असते. स्टॅन्ली क्युब्रिक यांनी पीटर जॉर्ज यांच्या गंभीर कादंबरीवर काम सुरू केले आणि ती प्रहसनाकडेच झुकते हे ओळखून 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' (१९६४) घडवला. त्यातला विनोद अतिशयोक्तीपेक्षा अणुधोरणाच्या तर्कशुद्ध भाषेतून अधिक येतो, आणि म्हणूनच त्याच वर्षीचा, जवळजवळ त्याच कथानकाचा 'फेल सेफ' प्रामाणिक असूनही त्याच्यापुढे फिका पडला. क्युब्रिक शेवटी खऱ्या चाचण्यांचे ढग एकामागून एक दाखवतात. ते देखणे आहेत, आणि त्यांच्याखाली कोणी माणूस नाही.

माणसे दिसतील असे चित्रण अस्तित्वात होते. १९४५ च्या शरदात अकिरा इवासाकी यांच्या देखरेखीखाली 'निप्पॉन एइगाशा'च्या छायाचित्रकारांनी हिरोशिमा-नागासाकीत टिपलेला, अडीच तासांहून लांब चित्रपट अमेरिकेने ताब्यात घेऊन गुप्त ठेवला होता. त्याची प्रत १९६७ मध्ये जपानला परत मिळाली, आणि भारतीय चित्रपटाच्या इतिहासाचे एस. कृष्णस्वामींसह सहलेखन केलेले, म्हणून इकडच्या अभ्यासकांना परिचित असलेले एरिक बार्नो यांनी त्यातून १९७० मध्ये सोळा मिनिटांचा लघुपट तयार केला. मूळ चित्रणात काँक्रीट, पूल आणि झाडे यांचीच नोंद अधिक होती. माणसांची दृश्ये बार्नो यांना त्यातून एकेक वेचून जवळ आणावी लागली.