मोजक्या प्रेक्षकांच्या चित्रफिती

गेल्या महिन्यांत धायरीच्या आमच्या घरीं यूट्यूबवर एक चित्रफीत पाहण्यांत आली. एक वृद्ध बाई जात्याला टाकी लावीत आहे. छिन्नी किती तिरपी धरावी, हातोडीचा घाव केवढा असावा, मधून मधून धूळ फुंकून दगडाची खरखर बोटांनीं कशी अजमावावी, एवढेंच काय तें १२ मिनिटें चालतें. खालीं प्रेक्षकांचा आंकडा होता ४३. घरांतील तरुण मंडळींनीं त्याकडे बोट दाखवून विचारलें, "एवढ्यांसाठीं हा खटाटोप कशाला?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर देणें आम्हांस आवश्यक वाटतें.

आंकड्याचा हिशेब मुख्यतः व्यापाराचा आहे. लांब चित्रफिती करणारास जाहिरातींच्या उत्पन्नांत वाटा हवा, तर निदान १,००० सदस्य व वर्षभरांत ४,००० तासांचें प्रेक्षण असावें, अशी अट यूट्यूबनें २०१८ सालीं घातली. धंद्यापुरती ती योग्य असेल. परंतु जें हजारांना नको तें कोणासच नको, असा तिचा अर्थ करणें चुकीचें होय. वि. का. राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. तींतील जुनीं पत्रें करमणुकीसाठीं छापलेलीं नव्हतीं. त्यांचा खरा वाचक म्हणजे पुढें येणारा अभ्यासक.

मात्र प्रेक्षक थोडे म्हणून कृति थोर, असाहि न्याय नाहीं. अशा फितीस आम्ही दोन कसोट्या लावूं. पहिली ही कीं, छापील पानावर जें उतरत नाहीं तें ती दाखविते काय? हाताचा कोन आणि घावांची लय कितीहि वर्णिली तरी शब्दांत सांपडत नाहीं. येथें ती डोळ्यांना दिसते. दुसरी कसोटी, हें कोणाचें, कोठलें व केव्हांचें, हें तींतून कळतें काय? येथें ती फीत साफ उणी पडते. बाईचें नांव नाहीं, गांव नाहीं, साल नाहीं.

उलट, हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांच्या पुण्यांतील कार्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमा झाल्या. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' ही संस्था २०१७ सालापासून त्या प्रसिद्ध करीत आहे, आणि तेथें ओवीबरोबर गाणारणीचें नांव व गांवहि दिलेलें असतें. त्यामुळें ओवीसह ती गाणारी बाईहि स्मरणांत राहते.

त्याच २०१७ सालीं धायरी पुणें महानगरपालिकेंत आली. आतां आमच्याकडे पीठ गिरणींतून येतें, आणि जातें निघालें तर लग्नाच्या हळदीपुरतें. उद्यां कोणास आपल्या आजीचें जातें पुन्हां चालवावेंसें वाटलें, तर त्या १२ मिनिटांचा त्याला मोठाच आधार होईल. म्हणून असल्या फिती करणारांस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं आरंभींच नांव, गांव व तारीख सांगावी आणि एक प्रत आपल्यापाशीं जपून ठेवावी. ज्या बाईपासून आम्ही एवढें शिकलों, तिचें नांव आम्हांस येथें लिहितां येत नाहीं, याची खंत वाटते.