ग्रोमॅक्सची इन्स्टॉलेशन गाइड वाचताना

प्रथिनं, लिपिड किंवा पॉलिमर यांच्या रेणूंचं सिम्युलेशन करणार असाल तर ग्रोमॅक्सशी गाठ पडणार हे जवळपास नक्की. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात सुरू झालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर. सोर्स कोड उतरवायचा आणि आपल्या मशीनवर कंपाइल करायचा. त्यासाठी अधिकृत इन्स्टॉलेशन गाइड आहे, पण ती वाचतं कोण? आपण त्यातल्या कमांड कॉपी करतो. इथे मला ती वाचण्याची गोष्ट म्हणून तपासायची आहे.

सुरुवातीलाच ‘क्विक अँड डर्टी’ नावाचा छोटा भाग आहे. आधी सीमेक, मग मेक, मेक चेक, मेक इन्स्टॉल, झालं. त्यानंतर लेखक प्रामाणिकपणे सांगतात की हे बिल्ड ज्या मशीनवर सीमेक चालवलं तिथे बरोबर आणि बऱ्यापैकी वेगात चालेल, दुसऱ्या मशीनवर कदाचित चालणारही नाही. अख्ख्या गाइडमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच, आणि ते येतं कमांडच्या खाली! तोवर आपण एंटर दाबलेलं असतं.

हे वाक्य महत्त्वाचं का, तर सीमेक तुमचा प्रोसेसर बघून सिम्डची पातळी ठरवतं. सिम्ड म्हणजे एकाच सूचनेत अनेक आकड्यांवर गणित करायची सोय. क्लस्टरचा लॉगिन नोड नवा आणि कंप्युट नोड जुना असेल, तर तिथे ‘इल्लिगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून प्रोग्रॅम कोसळू शकतो. हे परवडलं, निदान कळतं तरी. उलट झालं, म्हणजे बिल्ड जुन्यावर आणि रन नव्यावर, तर सगळं सुरळीत चालतं, फक्त हळू. ग्रोमॅक्स लॉग फाइलमध्ये तशी नोंद करतं. पण ती फाइल रन फसल्याशिवाय कोण उघडतो?

त्याच पहिल्या कमांडमध्ये सुडोही आहे. क्लस्टरवर आपल्याला ते अधिकार नसतात. होम फोल्डरमध्ये इन्स्टॉल करायचा पर्याय गाइडमध्ये आहे, पण या कमांडमध्ये नाही. मग नवे विद्यार्थी ॲडमिनकडे पासवर्ड मागायला जातात. (मिळत नाही.)

ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की हा भाग आणखी अपुरा पडतो. लिनक्सवर गाडी सरळ जाते. मॅकवर ॲपलच्या क्लँगसोबत ओपनएमपी येत नाही. सीमेक एक इशारा देतं आणि त्याशिवाय बिल्ड पूर्ण करतं. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओ वापरलात तर एफएफटीडब्ल्यू लायब्ररी आपोआप बांधली जात नाही. ती स्वतः आणा, नाहीतर ग्रोमॅक्ससोबतच्या एफएफटीपॅकवर भागवा, जे संथ आहे. बरेच जण डब्ल्यूएसएल घेतात, म्हणजे खरं तर लिनक्सवरच येतात.

आता एकाच लॅबमधल्या तिघांनी एकच सोर्स कोड तीन लॅपटॉपवर बांधला, तर उत्तरं तीच येतील का? ट्रॅजेक्टरी तीच येणार नाही. संगणकावर दशांश आकड्यांची बेरीज कोणत्या क्रमाने होते त्यावर शेवटचे अंक बदलतात, आणि रेणूंची गती केऑटिक असल्यामुळे तो एवढासा फरक वाढत जातो. यात चूक कुणाचीच नाही. घनता, सरासरी ऊर्जा अशा राशी मात्र सांख्यिकीय त्रुटीच्या मर्यादेत जुळायलाच हव्यात. त्या जुळल्या नाहीत तर दोष सिम्युलेशनच्या मांडणीत आहे की बिल्डमध्ये, हे कसं ओळखणार? आधी बिल्ड तपासलेलं असेल तरच.

म्हणून मेक चेक. माझी मुख्य तक्रार इथेच आहे. ‘क्विक अँड डर्टी’मध्ये ही यादीतली एक ओळ आहे आणि तिचं स्पष्टीकरण बरंच पुढे, ‘अचूकतेची चाचणी’ या वेगळ्या भागात. टेस्ट कंपाइल व्हायला वेळ लागतो, म्हणून आपण ती पायरी गाळतो. रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये कॅलिब्रेशन न करता कुणी स्पेक्ट्रोमीटर वापरला तर गाइड ओरडतील (माणूस गाइड म्हणतोय). इथे कुणी विचारतही नाही.

बाकी गाइड उत्तम आहे, हेही सांगायला हवं. प्रत्येक पर्याय का आहे ते सांगते, नुसतं ‘हे टाइप करा’ म्हणत नाही. हार्डवेअर, लायब्ररी आणि कंपायलर यांचा गुंता वाढतच जाणार, अशी खंतही लेखक लपवत नाहीत. इतकं सरळ लिहिणारी डॉक्युमेंटेशन फार कमी.

आणि आपलं लिखाण? पेपरच्या मेथड्समध्ये आपण ‘ग्रोमॅक्स, आवृत्ती अमुक’ एवढंच लिहितो. खरं तर जीएमएक्सला व्हर्जन विचारलं की ते प्रिसिजन, सिम्ड, एफएफटी लायब्ररी, कंपायलर आणि त्याचे फ्लॅग असं सगळं छापतं. ते जसंच्या तसं सप्लिमेंटरीमध्ये चिकटवायला एक मिनिट लागतं. उबुंटूवर ॲप्टने तयार पॅकेज घेतलं असेल, काहीच कंपाइल केलं नसेल, तरी ती कमांड एकदा चालवा आणि सिम्डची ओळ बघा.